फराळाचे डबे रिकामे झाले, आता घरच्या जेवणानेच डिटॉक्स करायचाय

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते. घरात चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चिवडा, शंकरपाळे, अनारसे आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या मिठाया यांचा आमच्याकडे रतीबच लागला होता. आता सगळ्यांनाच जड झालंय. सासूबाईंना पहाटे घशाशी आंबट येतं, मुलाचा चेहरा मुरमांनी भरलाय, नवऱ्याला दुपारच्या जेवणानंतर ऑफिसात डोळे उघडे ठेवणं कठीण जातंय.

त्याच्या ऑफिसात सध्या रसांच्या बाटल्यांची टूम निघाली आहे. दिवसाला सहा बाटल्या घरपोच येतात. तेवढंच प्यायचं, जेवायचं काही नाही. त्यालाही ते मागवायचं होतं. मी म्हटलं, आधी एक आठवडा माझ्या हातचं जेव, मग काय ते ठरव. तो कबूल झालाय.

माझ्या डोक्यात आहे ते असं. आठवडाभर घरात साखर, मैदा, फरसाण, बेकरीचं, पाकिटातलं काही आणायचं नाही, बाहेरून जेवण मागवायचं नाही. बाकी उपाशी कोणी राहायचं नाही. सकाळी नाचणीची आंबील नाहीतर मूगडाळीची धिरडी. दुपारी ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक फळभाजी, घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक. चार-पाचच्या सुमारास पेरू किंवा पपई आणि मूठभर चणे-शेंगदाणे. रात्री आठाच्या आत भरपूर भाज्या घातलेली मुगाची खिचडी, किंवा भात आणि कुळथाचं कळण. रविवारी मासे.

माझ्या शंका अशा: चहा बंद करावा का? साखरेऐवजी गूळ चालेल का? सासूबाईंना मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या आहेत, त्यांना हे सगळं सरसकट लागू करावं का? आणि मुलाला यात कितपत ओढावं? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

गिरगावकर

छान बेत आहे. हे पटलं कारण यात कोणी उपाशी राहत नाही. आपल्याकडे ‘एकादशी दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स खाल्ले की पोटात नुसता स्टार्च आणि तेल जातं, आणि दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट लागते.

गुळाबद्दल. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण मुख्यतः ती साखरच. आठवडाभरासाठी गूळ, मध, खजुराचं सिरप, सगळ्यालाच साखर समजा. जेवणात गोडा मसाल्याबरोबर पडणारा गुळाचा खडा वगळू नका, आमटीची चवच जाईल. पण चहात साखरेऐवजी गूळ घालून काही साधत नाही.

मोजून बघा. दोन चमचे साखरेच्या एका चहात ८ ते १० ग्रॅम साखर जाते. असे तीन चहा झाले की २५ ते ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. म्हणजे बिस्किट, मिठाई, सरबत काहीच न घेता निव्वळ चहातच तो वाटा संपतो.

निळावंती

रस इतके वाईट असतात का? माझे बाबा वर्षानुवर्षं सकाळी दुधीचा रस पितात. त्यात आवळा, पुदिना, लिंबू घालतात. त्यांना काही त्रास झालेला नाही.

स्टेथो

निळावंती, तुमच्या बाबांचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. मी परळला रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करतो.

दुधी, दोडका, काकडी या कुळातल्या भाज्यांत कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं असतात. एरवी त्यांचं प्रमाण नगण्य असतं. पण एखाद्या दुधीत ते खूप वाढतं आणि तो कडूजहर लागतो. वरून बघून ते कळत नाही. असा रस प्यायल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात, रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा असं औषध नाही, रुग्णालयात नेऊन सलाईन आणि लक्षणांवरचे उपचार करावे लागतात. आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती, तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सूचना साधी आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखायचा, कडू असेल तर रस पूर्ण टाकून द्यायचा, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळायचा नाही. बाबांच्या पेल्यात आवळा-पुदिना-लिंबू असतं ना, त्यात कडवटपणा लपून जातो. काळजीचं कारण ते आहे. आजपासून बाबांना कच्चा तुकडा चाखायला सांगा. त्याहून चांगलं म्हणजे दुधीची चणाडाळ घालून भाजी करा. शिजवतानाही एक तुकडा तोंडात टाकाच, कारण शिजवून कडूपणा जात नाही.

आता रानजाईताईंच्या बेताबद्दल. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतातच. यकृत साधारण दोन टप्प्यांत काम करतं. पहिल्यात सायटोक्रोम पी४५० गटातली एन्झाइम्स औषध, दारू किंवा इतर द्रव्याची रचना बदलतात. दुसऱ्यात त्याला ग्लुटाथायॉन, ग्लायसीन, सल्फेट असं काही जोडलं जातं आणि ते पाण्यात विरघळण्याजोगं होतं. मग ते पित्तावाटे शौचातून नाहीतर मूत्रपिंडावाटे लघवीतून निघून जातं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात.

दुसऱ्या टप्प्यात लागणाऱ्या ग्लुटाथायॉनसारख्या गोष्टी अमिनो आम्लांपासून बनतात. म्हणजे डाळ, कडधान्यं, दही, अंडं, मासळी यांतल्या प्रथिनांपासून. फळं-भाज्यांच्या रसात नेमकी प्रथिनंच जवळजवळ नसतात. ज्या अवयवाला मदत करायची म्हणून माणूस रसावर राहतो, त्याचाच शिधा तोडतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. तुमच्या आराखड्यात वरण, उसळ, ताक, चणे-शेंगदाणे आहेत, म्हणून मला तो आवडला. त्यातलं वरण पातळ करू नका, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट चोथा. त्याच शिफारशीत २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत असं म्हटलं आहे. यकृताने पित्तातून आतड्यात सोडलेलं बरंच काही परत शोषलं जातं, चोथा पित्ताम्लं धरून ठेवतो आणि शौचावाटे नेतो. रस गाळला की हाच भाग चाळणीत राहतो आणि साखर पेल्यात उतरते. डिटॉक्स आहारांवर २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. असे आहार विषद्रव्यं बाहेर काढतात हे दाखवणारी एकही नीट नियंत्रित चाचणी त्या लेखकांना सापडली नव्हती.

सासूबाईंच्या गोळ्यांची नावं सांगाल का? त्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलणं बरोबर होणार नाही.

रानजाई

स्टेथो, मनापासून आभार. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि टेल्मिसार्टन. वय ७१. मूत्रपिंडाच्या तपासण्या मागच्या वेळी ठीक होत्या.

स्टेथो

मग तीन गोष्टी.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर जेवण असो वा नसो. म्हणून त्यांचं जेवण चुकता कामा नये, आणि भाकरी-भात एकदम निम्मा करू नका. त्यांनी आजवर खाल्लेली साखर आणि मैदा अचानक थांबणार आहे, त्यानेही रक्तातली साखर खाली येईल. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, गोळीचा डोस तेच ठरवतील. घरी ग्लुकोमीटर असेल तर या दिवसांत जरा जास्त वेळा बघा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काही झालं आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. म्हणून त्यांच्यासाठी साखरेचा डबा घरात हवाच. बेताच्या नावाखाली तो कोणाला देऊन टाकू नका.

टेल्मिसार्टनमुळे शरीरात पोटॅशियम साठू शकतं. शहाळ्याच्या पाण्यात, फळांच्या आणि पालेभाज्यांच्या रसांत ते भरपूर असतं. जेवणातल्या भाज्यांनी अडचण नाही, पण रोज दोन-तीन शहाळी नकोत. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

ज्यांच्या घरी कोणी वॉरफरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करणारी औषधं घेत असेल, त्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. गरोदर बाई, स्तनदा आई, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा रुग्ण, इन्सुलिन घेणारे, यांनी हा धागा वाचून परस्पर काहीही करू नये. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरची औषधं घेणाऱ्यांनी तर उपास किंवा भात-भाकरी बंद करणं हे डॉक्टरांशी बोलूनच करावं.

निळावंती

बाबांना आत्ताच फोन केला. ऐकलं त्यांनी. आजच्या दुधीची भाजीच होणार आहे.

शतावरी

मी दादरला आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. दिवाळीनंतर दवाखान्यात दर वर्षी हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पंचकर्म आणि घरचा हलका आहार या वेगळ्या गोष्टी आहेत. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमा) हे उपचार रुग्णाची ताकद, वय, ऋतू बघून, आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक देऊन, वैद्याच्या देखरेखीत करायचे असतात. इंटरनेटवर बघून एरंडेल पिणं, मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढणं हे करू नका. म्हाताऱ्या माणसाला त्यातून पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येते, पडणं-झडणं होतं.

विरेचनानंतरसुद्धा आम्ही एकदम जेवायला सांगत नाही. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण, मग नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. कोकणातल्या आजीने तापातून उठलेल्या नातवाला उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब आणि मेतकूट देणं यात तीच समज आहे. रानजाई, तुझ्या नवऱ्याला पहिल्या एक-दोन रात्री खिचडीऐवजी पेज आणि मुगाचं कढण दे, बरं वाटेल. पण सासूबाईंना नुसत्या पेजेवर ठेवू नकोस. पातळ पेजेने साखर पटकन वर जाते आणि पटकन खाली येते.

आणि गुळवेल. कोविडच्या काळापासून घराघरांत तिचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, नंतर देशातल्या बऱ्याच केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची गफलत झाली असावी असं म्हटलं. गुळवेलीवर माझा विश्वास आहे आणि मी ती वापरते. पण कोणाला, किती दिवस, कुठली वेल, हे बघूनच. सोसायटीच्या कुंपणावरची वेल आहे म्हणून रोज काढा करून घरातल्या सगळ्यांना देणं थांबवा. थायरॉईडचा किंवा दुसरा कुठला ऑटोइम्युन (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असणाऱ्यांनी तर नक्कीच. हळदीचंही तसंच आहे. फोडणीतली हळद, हिवाळ्यातलं ओल्या हळदीचं लोणचं निर्धास्त खा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या, त्यात काळी मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेलं असतं आणि त्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

स्टेथो

शतावरी यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. आमच्याकडे कावीळ घेऊन येणाऱ्याला आम्ही आता काढे आणि कॅप्सूल काय घेतल्या हे पहिल्या पाच प्रश्नांत विचारतो. घरच्यांनी ते लपवू नये, कोणी रागावत नाही.

आठ_बाराची_फास्ट

बदलापूरहून सीएसटी करते. सकाळी सात वाजता डबा भरून निघायचं असतं, त्यामुळे आंबील-धिरडी वगैरे रोज जमेलच असं नाही. माझ्यासारख्यांसाठी काही सांगा. आणि चहाबद्दल कोणी बोललंच नाही. मागे एकदा चहा एकदम सोडला होता तर डोकं इतकं ठणकलं की लोकलमध्ये उभं राहवेना. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की शरीरातलं विष बाहेर पडतंय, सहन कर.

गिरगावकर

ते विष बाहेर पडणं नव्हे, कॅफिन एकदम तोडल्याचं डोकं आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि २ ते ९ दिवस राहू शकतं. चहा सोडायची गरजच नाही. साखर रोज थोडी कमी करा, कप लहान करा. फक्त जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, त्यातलं टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. आपल्या बायका-मुलींत रक्त कमी असण्याचं प्रमाण बघता हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि अशा वेळी ‘सहन कर’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चक्कर, धडधड, न थांबणारे जुलाब ही शुद्धीची लक्षणं नव्हेत. खायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

चाफेकळी

डब्याचं मी सांगते, मी अंधेरीहून बीकेसीला जाते. रविवारी मूग, मटकी, चवळी भिजवून मोड आणते. मोड आले की तासभरही बाहेर ठेवत नाही, सरळ फ्रीजमध्ये. मोड कच्चे खायचे नाहीत, पाच मिनिटं वाफवायचे. ओल्या, उबदार जागी जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मोड आणायला आपण त्यांना हवी तशीच जागा तयार करत असतो. वाफवलेले मोड सकाळी कांदा, टोमॅटो, लिंबू घालून डब्यात. लिंबामुळे लोहही जास्त शोषलं जातं. दुसऱ्या डब्यात भाकरी आणि माठ, मेथी, जे असेल ते. भाकरी कडक होते म्हणून लोक टाळतात, पण पीठ उकळत्या पाण्यात मळलं आणि भाकरी सुती कपड्यात गुंडाळून डब्यात भरली की दुपारपर्यंत मऊ राहते. संध्याकाळच्या गाडीआधी भूक लागते आणि स्टेशनबाहेर वडे तळत असतात, तो सगळ्यात कठीण अर्धा तास. त्यासाठी पर्समध्ये चणे आणि एक पेरू कायम.

कोळीवाड्याची_पोर

रानजाई, रविवारचे मासे ठेवलेस हे वाचून आनंद झाला. डिटॉक्स म्हटलं की लोक पहिल्यांदा मासळीवर काट मारतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या वर्सोव्याचे, आमच्या ताटातून मासळी काढली तर उरणार काय?

फक्त कुठली घ्यायची ते बघ. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, कारण ते छोट्यांना खाऊन मोठे होतात. मोरी, मोठी सुरमई हे रोजचे मासे नव्हेत, गरोदर बायकांनी मोरी टाळावीच. मांदेली, बोंबील, बांगडा, तारली हे छोटे मासे घे. स्वस्तही पडतात. बांगडा-तारलीत ओमेगा-३ भरपूर असतं. मांदेली काट्यासकट खाल्ली की कॅल्शियम मिळतं. रव्यात घोळवून तळण्याऐवजी आठवडाभर कालवण कर: कोकम, तिरफळं, वाटलेलं आलं-लसूण आणि हळद-मसाला. बांगडा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवला तर तेल चमचाभरच लागतं.

सुकट आणि सुके बोंबील मात्र बीपीवाल्यांनी बेतानेच घ्यावेत, मिठात मुरलेले असतात. दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. पापड, लोणचं, सुकट एकाच ताटात आलं की तेवढं मीठ तिथेच झालं.

पसायदान

मला भाज्यांच्या फवारणीची धास्ती वाटते. आरोग्यासाठी म्हणून पालेभाज्या दुप्पट खायच्या आणि त्यातून औषधं पोटात जायची. काही उपाय आहे का?

चाफेकळी

पूर्ण उपाय नाही, पण कमी करता येतं. अमेरिकेत २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला होता. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून सफरचंदं १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची त्यांनी तपासलेली दोन कीटकनाशकं निघून गेली. सालीच्या आत मुरलेलं मात्र निघत नाही. मी काकडी, टोमॅटो, वांगी, सफरचंद तसं धुते. पालेभाजीला सोड्यात इतका वेळ ठेवत नाही, मऊ पडते. ती निवडून तीन-चार पाण्यांतून खळबळून काढते, मग चिरते. चिरून धुतली तर जीवनसत्त्वं पाण्यात जातात. शिवाय एकच भाजी रोज नको, आलटून पालटून घ्या.

त्यात अजून एक फायदा आहे. पालक, चुका, अळू यांत ऑक्झलेट, म्हणजे ज्यापासून मुतखडे बनतात ते द्रव्य, जास्त असतं. रोज पालकाची हिरवी स्मूदी पिऊन मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर जपावंच. मेथी, शेपू, मुळ्याचा पाला, एवढं वैविध्य आपल्या बाजारात असताना पालकावरच का थांबायचं? दादरच्या मंडईत आता ओले वाटाणे, वालपापडी, पावटे, आवळे दिसायला लागलेत.

रानजाई

आठवडा चालू आहे, म्हणून मधल्यामधे सांगते. सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी संध्याकाळची गोळी बदलून दिली आणि रोज साखर मोजून लिहायला सांगितली. स्टेथो, तुम्ही विचारलं नसतं तर मी तशीच सुरू करणार होते. त्यांचं आंबट येणं बरंच कमी झालंय. मला वाटतं रात्री लवकर जेवून, मग दोन-अडीच तासांनी आडवं होणं, याचाच तो गुण आहे. आधी दहाला जेवण आणि साडेदहाला झोप असं चालायचं.

नवऱ्याला पहिले काही दिवस पोटात गुडगुड आणि गॅस. दुपारची झोप मात्र खरंच गेली. वजनही उतरलंय म्हणून तो खूश आहे. मुलाला भाकरी अजिबात आवडत नाही, त्यावरून रोज वाद.

स्टेथो

संध्याकाळच्या गोळीचं वेळेत झालं, फार चांगलं.

गॅसचं कारण चोथा एकदम वाढणं. आतड्यातल्या जिवाणूंना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. उसळीचं प्रमाण थोडं कमी करून हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या, कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग-ओवा घाला.

वजनाबद्दल त्यांना आत्ताच नीट सांगा, नाहीतर पुढे निराशा होईल. पहिल्या दिवसांत उतरतं ते बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं हलकं झालं की साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. मीठ कमी केल्यानेही तसंच होतं. रसाच्या बाटल्यांच्या जाहिरातीतले आकडे मुख्यतः या पाण्याचेच असतात, आणि जेवायला लागलं की ते परत येतात. यकृतावर चरबी असलेल्यांना खरा फायदा होतो तो वजन ७ ते १० टक्के सावकाश उतरून तिथे टिकलं तर. त्याला महिने लागतात, आणि त्यासाठी तुमच्या या ताटासारखं ताट कायम लागतं. दारू घेत असतील तर ती बंद. यकृतासाठी याहून मोठी गोष्ट आहारात नाही.

मुलाला मात्र सोडा. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २८०० कॅलरी लागतात आणि दहावीचं वर्ष आहे. त्याला पोळी-भात, दूध, अंडी, तूप हवं तेवढं द्या. फक्त कोल्ड्रिंक, वेफर्स, बेकरी बंद. जास्त साखर आणि मैदा यांचा मुरमांशी संबंध अभ्यासांत दिसला आहे, पण आठवड्यात चेहरा बदलत नसतो. त्याच्यासमोर वजन, डिटॉक्स असे शब्द कमीत कमी काढा. या वयात मुलं ते मनाला लावून घेतात आणि जेवणच तोडतात, असे पेशंट मी बघतो आणि फार वाईट वाटतं.

कोळीवाड्याची_पोर

भाकरी नको असेल तर त्याला नाचणीचे घावन करून दे, सोबत नारळाची चटणी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझी भाची भाकरीला तोंड लावत नाही, पण घावनं सहज संपवते.

आठ_बाराची_फास्ट

चाफेकळी, कपड्यात गुंडाळून भाकरी नेली, खरंच मऊ राहिली. चहाची साखर दोन चमच्यांवरून दीडवर आणली आहे. डोकं दुखलं नाही.

रानजाई, आंबील रात्रीच करून ठेवता येते का? तुझी कृती लिही ना.

रानजाई

हो, रात्रीच निम्मं काम होतं. माणशी दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात आणि दोन चमचे आंबट ताकात गुठळी न राहता कालवायचं, झाकून ओट्यावर ठेवायचं. मुंबईच्या हवेत नोव्हेंबरातही सकाळपर्यंत पुरेसं आंबतं. मे महिन्यात मात्र चार तासांनी फ्रीजमध्ये ठेवायला लागतं, नाहीतर वास येतो. सकाळी दीड वाटी पाणी उकळून त्यात ते मिश्रण ओतायचं आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत चकाकी येते, कच्चा वास जातो. गॅस बंद करून कोमट होऊ द्यायचं आणि मगच वाटीभर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरेपूड, कोथिंबीर घालायची. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून नेलीस तर गाडीत बसायला मिळाल्यावर पिता येईल. सासूबाईंना मी त्यासोबत वाटीभर वाफवलेले मूग देते, नुसत्या आंबिलीवर त्यांना अकरा वाजताच भूक लागते.